बागेची खरेदी: रोप, माती आणि अवजारे पारखून घेताना

बागेसाठी खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या अंगणात, गच्चीत किंवा बाल्कनीत ऊन नेमके कोठे आणि किती वेळ पडते, हे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहून लिहून ठेवावे. रोप घरी आणल्यावर ते जगत नाही त्याचे कारण पुष्कळदा रोपात नसून जागेच्या निवडीत असते. मोगरा, गुलाब, जास्वंद, लिंबू आणि टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांना रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन हवे. महाराष्ट्रात मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे या दिवसांत उत्तरेच्या बाल्कनीत पडलेले ऊन पाहून मोगरा घेण्याचा मोह होतो, पण डिसेंबरात तेथे दिवसभर सावलीच असते. अशा जागी मोगऱ्याला पाने येत राहतील, कळ्या मात्र क्वचितच धरतील. तेथे नेचे, सिंगोनियम किंवा मनीप्लांट घ्यावे आणि समाधानाने वाढवावे.

सर्वांत जास्त काळजी फळझाडाच्या खरेदीत घ्यावी लागते, कारण फुलझाड चुकीचे निघाले तर ते एका हंगामात कळते, आंब्याचे कलम चुकीचे निघाले तर ते कळायला चार-पाच वर्षे जातात आणि तोवर झाडाने अंगणातली चांगली जागा अडवलेली असते. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि कलमे विकणाऱ्या रोपवाटिकेला त्याखाली परवाना घ्यावा लागतो. तो परवाना पाहायला मागावा, कलमाच्या काड्या कोणत्या मातृवृक्षावरून घेतल्या हे विचारावे आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याची मातृझाडे स्वतःची आहेत तो रोपवाटिकाचालक बहुधा ती आनंदाने दाखवतो. शक्य असेल तर कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांपासून सुरुवात करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रे, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि पुण्यातले गणेशखिंडचे फळ संशोधन केंद्र येथे जातीची खात्री असते, मात्र तेथील कलमे मर्यादित असल्याने पावसाळ्याच्या बऱ्याच आधी चौकशी करून नोंदणी करावी लागते.

जात निवडताना नावाच्या दबदब्यापेक्षा आपल्या गावच्या हवामानाचा विचार आधी करावा. हापूस कोकण किनारपट्टीवर जसा खुलतो तसा देशावर खुलत नाही. पुणे, नाशिक किंवा मराठवाड्यातल्या अंगणासाठी केसर अधिक भरवशाचा आहे. फळात साका (पिकलेल्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) होऊ नये आणि झाड दरवर्षी धरावे अशी इच्छा असेल, तर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठाने दिलेला रत्ना अवश्य विचारात घ्यावा. पेरूमध्ये सरदार, चिकूमध्ये कालीपत्ती आणि डाळिंबात भगवा ही नावे विक्रेत्याला सांगितली की नुसते ‘चांगल्या जातीचे झाड’ मागणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा आपले बोलणे तो गांभीर्याने घेतो. कागदी लिंबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या एका बीतून अनेक अंकुर येतात आणि त्यांतले बहुतेक मातृवृक्षासारखेच निपजतात, म्हणून चांगल्या झाडाच्या बियांपासूनचे रोप सर्रास लावले जाते. लिंबासाठी कलमाचाच आग्रह धरून जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

कलम हातात घेतले की नजर शेंड्याकडे न जाता आधी जोडाकडे गेली पाहिजे. आंब्याच्या कोय कलमात (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी जोडून केलेल्या कलमात) जोड मातीपासून थोड्याच उंचीवर असतो, आणि पाचरीच्या आकाराची त्याची खूण वर्षभराच्या कलमावरही सहज ओळखू येते. ती खूण कोठेच नसेल, तर आपल्या हातात कलम नसून कोयीपासून उगवलेले रोप आहे असे समजावे. जोडाच्या वरची आणि खालची जाडी जवळजवळ सारखी असावी, बोटाने हलकेच दाबल्यावर जोड हलू नये आणि बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतलेली नसावी. त्यानंतर जोडाच्या खाली फुटवा आहे का ते पाहावे. तो फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर काडी जोडली त्या साध्या रायवळ झाडाचा असतो आणि ठेवला तर वरच्या हापूसला मागे टाकून तोच वाढतो; गुलाबाच्या डोळा भरलेल्या (खुंटावर दुसऱ्या झाडाचा अंकुर बसवलेल्या) रोपातही नेमके हेच घडते. गेल्या पावसाळ्यात बांधलेले, दीड-दोन फूट उंचीचे, सरळ खोडाचे आणि पक्व हिरव्या पानांचे कलम सर्वांत चांगले. छोट्या कलमाला लटकलेली कैरी गिऱ्हाइकाला फार मोहवते, पण काडी पक्व झाडावरची असल्याने कोवळ्या कलमालाही मोहोर येऊ शकतो. त्यात त्या कलमाचा काही विशेष गुण नाही. उलट पहिली दोन-तीन वर्षे असा मोहोर खुडून टाकावा लागतो.

जोडानंतर मुळांची तपासणी. पिशवी उचलताना ती जमिनीला धरून बसली असेल आणि ओढल्यावर ‘कट्’ असा आवाज आला, तर मुळे पिशवीबाहेर जमिनीत गेलेली होती आणि आत्ताच तुटली आहेत. असे रोप घरी नेल्यावर आठ दिवसांत माना टाकते. पिशवीच्या तळाशी जाड मुळे वेटोळे घालून बसली असतील तर ते रोप त्या पिशवीत गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले आहे. याशिवाय आंध्र प्रदेशातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येणारी अनेक शोभेची रोपे चिकण मातीच्या गोळ्यात असतात. हा गोळा एकदा वाळला की दगडासारखा होतो आणि कुंडीत घातलेले पाणी त्याच्या कडेने निघून जाते. म्हणून पिशवी बाहेरून दाबून पाहावी. गोळा फारच कठीण लागला तर तशाच जातीचे दुसरे रोप मागावे, किंवा घरी नेल्यावर तो पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवण्याची तयारी ठेवावी. पानांची मागची बाजू आणि पेरांचे बेचके पाहिल्याशिवाय कोणतेही रोप गाडीत ठेवू नये, कारण पिठ्या ढेकूण ही कीड तेथेच कापसासारखी चिकटून बसते. फुलांनी भरलेल्या रोपापेक्षा कळ्या आणि नवे फुटवे असलेले रोप घेतलेले बरे.

माती आणि खत पोत्यावरच्या चित्रावरून घेऊ नये. शेणखताला शेणाचा वास येता कामा नये. ते काळसर, भुसभुशीत आणि हाताला गार लागणारे असावे. मूठभर खत उकरून पाहिले आणि त्यात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली, तर ती बहुधा हुमणीची असते आणि कुंडीतली मुळे खाऊन झाड उभ्याउभ्या वाळवते. गांडूळ खत वजनावर विकले जात असल्याने फार ओले पोते म्हणजे पाण्याचे पैसे. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट भिजल्यावर साठ-सत्तर लिटर भरते, तेव्हा चार कुंड्यांसाठी एकच वीट पुरे. पाकिटावर ‘लो ईसी’ (कमी क्षाराचे) लिहिलेले नसेल तर दोन-तीनदा धुऊन त्यातला क्षार काढावा, आणि त्यात पोषण जवळजवळ नसते हे लक्षात ठेवून खत वेगळे द्यावे. काउंटरवर बिनलेबलच्या पुडीत मिळणारी ‘फुले येण्याची पावडर’ मुळीच घेऊ नये. त्यात काय आहे, किती आहे आणि केव्हाचे आहे, यातले काहीच आपल्याला कळत नाही. कडुनिंबयुक्त औषध घेताना बाटलीवरचा पीपीएमचा आकडा, म्हणजे दहा लाख भागांत औषधी अंशाचे किती भाग आहेत ते, पाहावा. ३०० पीपीएमची स्वस्त बाटली आणि १०,००० पीपीएमची महाग बाटली यांची तुलना केवळ किमतीवरून होऊ शकत नाही. रासायनिक कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, त्यातला लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मुले आणि पाळीव प्राणी वावरतात त्या घरात लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची बाटली आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अवजारे थोडीच घ्यावीत, पण चांगली घ्यावीत. बाल्कनीसाठी खुरपे, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि बारीक भोकांची झारी एवढे पुरते. अंगण असेल तर कुदळ आणि फावडे यांची भर पडते. रंगीत मुठींचे पाच-सहा वस्तूंचे तयार संच पाहायला सुंदर असतात, परंतु त्यांतले पातळ पत्र्याचे खुरपे पहिल्या कडक मातीत वाकते. आठवड्याच्या बाजारात लोहाराकडे मिळणारे, गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेले खुरपे घ्यावे. त्याचे पाते हाताने वाकत नाही, आणि त्याची दांडी मुठीत खोलवर ठोकलेली आहे ना, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे घट्ट आहे ना, एवढे पाहून घ्यावे. सिकेटरमध्ये कात्रीसारखी एकमेकांच्या बाजूने सरकणारी पाती असलेला प्रकार निवडावा, कारण सपाट पट्टीवर दाबून कापणारा प्रकार हिरवी फांदी चेचतो. दुकानातच कागदाचा तुकडा कापून पाहावा. टोकापर्यंत स्वच्छ कापला गेला तर पाती नीट जुळलेली आहेत. मधला सांधा रिबिटाचा नसून नटबोल्टचा असला तर सिकेटर उघडून धार लावता येते आणि ते कित्येक वर्षे टिकते.

बियाण्याच्या पाकिटावर चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली असते. उन्हात टांगलेले पाकीट मुदतीत असले तरी घेऊ नये, कारण उष्णतेने उगवणशक्ती कमी होते. पुढच्या वर्षी घरचेच बी धरायचे असेल तर संकरित वाण न घेता सरळ वाण मागावा. ऑनलाइन खरेदी बियाणे, अवजारे आणि ग्रो बॅगसाठी (रोपे लावायच्या पिशव्यांसाठी) सोयीची आहे. फळझाडाचे कलम मात्र जोड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

परत येताना रोपे उघड्या टेम्पोत किंवा दुचाकीवर न्यायची असतील तर शेंडे ओल्या गोणपाटाने झाकावेत, कारण वाऱ्याने पाने करपतात. घरी आल्यावर लगेच कुंडी बदलू नये. नवी रोपे जुन्या झाडांपासून दूर, विरळ सावलीत आठ-दहा दिवस ठेवावीत, कीड दिसते का ते पाहत राहावे आणि नवा फुटवा दिसू लागला की संध्याकाळच्या वेळी पिशवी ब्लेडने उभी कापून, मुळांचा गोळा न फोडता लावावीत. आंब्याचे कलम लावताना जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी.