हुक्ड रगचं डिझाइन आणि त्यासाठी घरातला एक कोपरा

हुक्ड रग, म्हणजे हुकने लोकरी कापडाच्या पट्ट्या ओढून केलेली चटई, करायचा म्हटलं की सगळे आधी कागद-पेन्सिल घेऊन चित्र काढायला बसतात. मीही तशीच बसले होते, पक्षी काढला, पंखावरचं एकेक पीस काढलं, चोचीवरची बारीक रेघसुद्धा काढली आणि कागदावर ते इतकं छान दिसत होतं, पण लोकरीत उतरवलं तेव्हा त्यातलं काहीच उरलं नाही, नुसता तपकिरी आकार. त्यानंतर बरेच रग केल्यावर पक्कं कळलं की ह्या कामात डिझाइन दोन गोष्टी ठरवतात, एक तुमच्या पट्टीची रुंदी आणि दुसरी तुमच्याकडची लोकर, तीही डोळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. खोक्यात तळाशी दडलेला रंग डिझाइनमध्ये कधीच येत नाही. म्हणून मला डिझाइन आणि कामाची जागा हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, सैल विणीचं कापड फ्रेमवर ताणायचं, एका हातात वर हूक, दुसऱ्या हातात कापडाखाली लोकरीच्या कापडाची पट्टी आणि हुकने पट्टीचा एकेक लूप वर ओढून घ्यायचा. गाठ नाही, शिवण नाही, लूप एकमेकांना आणि कापडाला दाबून धरतात त्यावरच सगळं टिकतं. पंच नीडल वेगळं, त्यात पोकळ सुईने लूप कापडात ढकलतात, तिथे काम मागच्या बाजूने होतं म्हणून चित्र आणि अक्षरं उलटी काढावी लागतात. आपल्या ह्या प्रकारात काम समोरून होतं, त्यामुळे चित्र सुलटंच काढायचं. नवीन लोक इथे हमखास गोंधळतात.

आधी पट्टी ठरवा, मग चित्र

पट्ट्यांना नंबर असतात आणि तो नंबर म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे ३ नंबरची पट्टी ३/३२ इंच, साधारण २.४ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास आणि ८ नंबर म्हणजे बरोबर पाव इंच. ३ नंबरमध्ये पाकळीवरची छटा दाखवता येते, ८ नंबरमध्ये नाही येत, तिथे मोठे सपाट आकार आणि ठळक बाह्यरेषा हेच शोभून दिसतं. सुरुवात करणाऱ्यांनी ६ किंवा ८ घ्यावी असं माझं ठाम मत आहे, काम लवकर पुढे सरकतं आणि हाताला लूप एकसारखे काढायची सवय लागते.

आता मी करते ती युक्ती. चित्र पेन्सिलने काढायचंच नाही, पट्टीइतक्या रुंद टोकाचा मार्कर घ्यायचा आणि रग जेवढा होणार तेवढ्याच मापाच्या कागदावर काढायचं, जुनी वर्तमानपत्रं चिकटवून केलेला कागदही चालतो. जे मार्करने काढता येत नाही ते लोकरीतही येणार नाही, इतकं सोपं. पक्ष्याचा डोळा म्हणजे एक लूप, फार तर त्याच्याभोवती वेगळ्या रंगाची एक ओळ. देठ म्हणजे एक ओळ. अक्षरांची जाडी एक ओळ आणि दोन अक्षरांमध्ये निदान दोन ओळींची जागा, नाहीतर ती एकमेकांत मिसळतात. आणि कागद भिंतीला लावून बघू नका, जमिनीवर टाका, उभं राहून वरून बघा, रग आयुष्यभर तसाच दिसणार आहे ना.

एक दिशा असलेलं चित्र, म्हणजे ज्याला वर-खाली आहे असं, ते दारासमोर ठीक आहे कारण बघणारा एकाच बाजूने येतो. खोलीच्या मध्ये टाकायचा असेल तर चारही बाजूंनी बरं दिसेल असं काहीतरी घ्या, भौमितिक किंवा मध्यातून चारी कोपऱ्यांकडे जाणारं.

तयार छापील डिझाइन घेतलं तरी काही बिघडत नाही, ह्या कलेत ती जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बिडेफर्डचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा टिनच्या वस्तू विकत फिरायचा, बायकोला रग करताना बघून त्याने तिच्यासाठी चांगला हूक केला, मग चित्र काढून दिलं आणि १८६८ च्या सुमाराला पत्र्याचे स्टेन्सिल कापून गोणपाटावर डिझाइनं छापून विकायला लागला. पण छापील घेतलं तरी रंग मात्र स्वतःचे निवडा, रग तिथेच तुमचा होतो.

खालचं कापड

गोणपाट स्वस्त आणि पारंपरिक आहे पण ज्यूट वाळत जातं, काही वर्षांनी ठिसूळ होतं आणि तुटतं. पायाखाली टाकायचा रग असेल तर लिनन घ्या किंवा मंक्स क्लॉथ, ते सुती असतं आणि हाताला मऊ लागतं. चित्राच्या चारही बाजूंनी निदान १० सेंटीमीटर जास्तीचं कापड ठेवा, फ्रेमला धरायला लागतं आणि शेवटी दुमडायलाही, आणि कडेला झिगझॅग शिलाई मारून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत.

बाहेरची चौकट फूटपट्टी लावून आखायची नाही, हे फार महत्त्वाचं. पेन्सिलचं टोक दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत ठेवायचं आणि ओढत न्यायचं, ती आपोआप धाग्याबरोबर सरळ जाते. फूटपट्टीने आखलेली रेष डोळ्यांना सरळ दिसते पण धाग्याला तिरकी असते आणि मग पूर्ण झालेला रग जमिनीवर वाकडा बसतो, नंतर काही करता येत नाही. चित्र उतरवायला खिडकीला लावतात ती फायबरची जाळी घ्या, जाळीवर चित्र काढा, जाळी कापडावर ठेवा आणि त्याच रेषांवरून पर्मनंट मार्कर फिरवा, शाई खाली उतरते. धुतल्यावर पसरणारं साधं स्केच पेन नको.

रंगांचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण नव्वद टक्के रग इथेच बनतात किंवा बिघडतात असं मला मनापासून वाटतं. आपण रंग बघतो, लाल, हिरवा, निळा, पण दुरून आकार ओळखू येतो तो गडद-फिकटपणामुळे. मधल्या गडदपणाचा लाल पक्षी मधल्या गडदपणाच्या हिरव्या झाडात ठेवला तर हातात कापड धरून दोन्ही एकदम वेगळे वाटतात आणि जमिनीवर एकमेकांत बुडून जातात. माझ्या त्या पहिल्या पक्ष्याचंही तेच झालं होतं. उपाय सोपा आहे, निवडलेल्या कापडांचे तुकडे चित्रातल्या जागेप्रमाणे एकमेकांशेजारी मांडायचे, मोबाइलने फोटो काढायचा आणि ब्लॅक अँड व्हाइट करायचा. पक्षी दिसला तर ठीक, नाही दिसला तर एकतर पक्षी फिकट करा किंवा पार्श्वभूमी गडद करा.

पार्श्वभूमी एकाच कापडाची करू नका, सपाट आणि निर्जीव दिसते, शिवाय ते कापड संपलं की अडकलात. अगदी जवळजवळच्या तीन-चार छटा घ्या, पट्ट्या कापून एकाच पिशवीत मिसळा आणि हाताला येईल ती वापरत जा. पार्श्वभूमीच्या ओळी कुठल्या दिशेने जातात त्यानेही चित्र बदलतं, आकाराभोवती तशीच वळणं घेत गेलात तर आकार उठून येतो, सरळ आडव्या ओळी केल्या तर शांत वाटतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरमधल्या ग्रेनफेल मिशन ह्या वैद्यकीय सेवा संस्थेच्या चटया बघा, त्यात बर्फ आणि आकाश सरळ आडव्या ओळींमध्ये केलेलं असतं, वापरून झालेले रेशमी मोजे रंगवून त्यांच्या पट्ट्या वापरलेल्या असायच्या, काम इतकं बारीक की लांबून विणकामच वाटावं.

लोकर किती लागेल? जेवढी जागा भरायची त्याच्या चौपट कापड धरा, म्हणजे कापडाच्या चार घड्यांनी ती जागा झाकली गेली पाहिजे. लूप उंच काढायची सवय असेल तर पाचपट.

हूक चालवताना

पट्टीचं पहिलं टोक वर, शेवटचं टोकही वर, दोन्ही नंतर लूपच्या उंचीला कापायची, आणि नवी पट्टी जुनी संपली त्याच भोकातून सुरू करायची. लूपची उंची साधारण पट्टीच्या रुंदीएवढी. प्रत्येक भोकात लूप काढायचा नाही, लूप एकमेकांना जेमतेम टेकले की पुरे, दाटीवाटी केली की रग मधून फुगतो आणि मग कितीही इस्त्री करा, बसत नाही. मागून पट्टी एका जागेवरून दुसरीकडे ओढत नेऊ नका, कापा आणि नव्याने सुरू करा. बाह्यरेषा रेषेच्या आतल्या बाजूने करा नाहीतर प्रत्येक आकार एका ओळीने जाडा होतो. आधी मुख्य आकार, लगेच त्याच्याभोवती पार्श्वभूमीची एक ओळ म्हणजे कड पक्की होते, बाकीची पार्श्वभूमी सावकाश. मध्येमध्ये उलटवून बघा, मागे मोकळं कापड दिसत असेल तर तिथे लूप कमी पडलेत.

आता कामाची जागा

वेगळी खोली लागत नाही, एक कपाट, एक खुर्ची, एक टेबल आणि चांगला दिवा एवढ्यात होतं. पण कपाट कसं लावायचं ह्यावर विचार करा. बहुतेक जण रंगाप्रमाणे लावतात, लाल एकीकडे, निळे एकीकडे. मी रंगाप्रमाणे उभे गठ्ठे करते आणि प्रत्येक गठ्ठ्यात फिकट वर, गडद खाली, म्हणजे कपाट उघडलं की आडव्या ओळीत सगळ्या रंगांचे फिकट, मधले, गडद एका नजरेत दिसतात आणि वर सांगितलेला फोटोचा खटाटोप निम्मा होतो. घड्या सगळ्या एकाच मापाच्या करा, पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर गुंडाळा. उघडी फळी असेल तर ऊन येणार नाही अशी जागा बघा, लोकरीचा रंग घडीच्या कडेला उडतो आणि तो पट्टा मग कशातच बसत नाही.

जुने स्कर्ट, कोट, ब्लँकेट ह्यातून उत्तम लोकर मिळते, पण घरात आणल्या आणल्या कपाटात ठेवायची नाही!! कसर एका कपड्यातून आली की सगळा साठा खाते. आधी शिवण उसवून अस्तर, बटणं काढा, गरम पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये वाळवा, ह्याने कापड थोडं आटून दाट होतं आणि पट्टीचे धागे निघत नाहीत. धुवायला वेळ नसेल तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. खरी लोकर आहे का शंका असेल तर एक धागा सिंकवर चिमट्यात धरून जाळा, केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. सूटाचं गुळगुळीत, घट्ट पिळाचं कापड लोकरीचं असलं तरी सोडून द्या, अरुंद पट्टी कापली की उसवतं.

कटर, म्हणजे पट्ट्या कापायचं यंत्र, टेबलाच्या कडेला क्लॅम्पने लावा आणि खाली जुनी चादर, कापताना लोकरीची बारीक धूळ भरपूर उडते, ती इस्त्रीपासून आणि तयार रगपासून लांबच बरी. एका वेळी सगळं कापड कापून ठेवू नका, कापडाचं काहीही करता येतं पण पट्टीची रुंदी एकदा ठरली की ठरली. लोकर रंगवत असाल तर त्याची पातेली, चमचे, मापं कायमची वेगळी ठेवा, स्वयंपाकाची वापरायची नाहीत, परत स्वयंपाकात तर नाहीच नाही.

दिवा ज्या हाताने काम करता त्याच्या उलट बाजूने येऊ दे म्हणजे हाताची सावली पडत नाही, आणि बल्ब पिवळा नको, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा बघून घ्या, पिवळ्या दिव्याखाली निवडलेला निळा सकाळी भलताच दिसतो. फ्रेम कोपराच्या उंचीला, खांदे खाली. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, मनगट आणि अंगठा दुखायला लागल्यावर उठायचं म्हणजे उशीर झालेला असतो.

उरलेल्या पट्ट्या फेकायच्या नाहीत, पारदर्शक बरण्यांमध्ये फिकट, मधल्या, गडद एवढ्या तीनच भागांत ठेवा, जास्त वर्गवारी केली की ती पाळली जात नाही. ह्याच बरण्यांमधून पुढच्या रगच्या किनारी होतात. आणि प्रत्येक रगचं एक कार्ड करा, त्यावर वापरलेल्या प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा, पट्टीचा नंबर, रंगवलं असेल तर रंगाचं प्रमाण, कधी दुरुस्ती करायची वेळ आली की ह्या कार्डासारखं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

शेवटचं काम म्हणजे वाफ. रग उलटा ठेवा, वर ओला टॉवेल आणि इस्त्री नुसती टेकवून उचला, घासू नका, मग सपाट जागी पूर्ण वाळू द्या. कडेला जाड सुती दोरीवर कापड दुमडून लोकरीच्या धाग्याने गोल गोल टाके घाला, कडाच सगळ्यात आधी झिजतात म्हणून धागा दुहेरी घ्या. मागे रबराचा लेप लावू नका, काही वर्षांनी तो चुरा होतो आणि दुरुस्तीला हूकच आत जात नाही, घसरू नये म्हणून खाली वेगळी मॅट टाका. ठेवायचा झाला तर घडी न करता गुंडाळा, लूप बाहेरच्या बाजूला येतील असा, म्हणजे खालच्या कापडावर ताण येत नाही.