नीसमध्ये थ्री स्टार हॉटेल घेताय? आधी रूम कुठल्या बाजूची ते विचारा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसला जायचंय आणि बजेट मधलं आहे, तर तिथे स्टार बघून हॉटेल निवडू नका, रूम बघून निवडा. स्टार मिळतात ते रूमची साइज, सोयी, रिसेप्शन अशा ठरलेल्या यादीवर, आणि एकदा मिळाले की पाच वर्षं चालतात, पण रात्री दोनला खिडकीखालून स्कूटर जातात का ते त्यातून कळत नाही ना. एकाच हॉटेलात रस्त्याकडची रूम आणि मागच्या, बिल्डिंगच्या आतल्या मोकळ्या चौकाकडची रूम यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, भाडं मात्र बरेचदा सारखंच.

म्हणून बुकिंग झालं की हॉटेलला सरळ मेल टाका. आतल्या चौकाकडची, वरच्या मजल्यावरची रूम मिळेल का, लिफ्ट आहे का, एसी आपल्याला रूममधून चालवता येतो का, आणि डबल बेड किती रुंद आहे, एवढं विचारा. बेडचं मुद्दाम सांगतोय कारण तिथे 140 सेंटीमीटरचा बेडसुद्धा डबल म्हणून देतात, दोघांना तो अडचणीचा होतो, 160 चा मागा. लिफ्ट असली तरी जुन्या बिल्डिंगमध्ये एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा असू शकते, त्यामुळे अवाढव्य सूटकेस टाळाच.

एरिया कुठला? माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याने जाँ मेदसाँ रस्त्याच्या आसपास बघावं. एअरपोर्टवरून ट्रामची 2 नंबर लाइन थेट तिथे येते, 1 नंबर लाइन रेल्वे स्टेशन आणि शहराच्या मधल्या मासेना चौकाला जोडते, आणि समुद्र चालत गाठता येतो. स्टेशनजवळ तुलनेने स्वस्त पडतं, मोनॅको, माँतों किंवा आँतीबला ट्रेनने जायचं असेल तर सोयीचंही आहे, फक्त रस्त्याकडची रूम घेऊ नका. जुनं शहर दिसायला फार सुंदर, पण गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत येईलच असं नाही आणि रात्री उशिरापर्यंत खाली गजबज, म्हणून ते फिरायला ठेवा. समुद्रासमोर प्रोमनाद देझाँग्लेवर व्ह्यूचे पैसे लागतात आणि खाली दिवसरात्र ट्रॅफिक.

तारखा जमत असतील तर जुलै-ऑगस्ट सोडा. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल असतो, मे महिन्यात शेजारी कान फिल्म फेस्टिव्हल, तेव्हाही रेट चढतात. सप्टेंबरमध्ये पाणी अजून कोमट असतं आणि गर्दी कमी, मला विचाराल तर तेच बेस्ट.

उन्हाळ्यात रूम थंड ठेवायची युक्ती तिथली माणसंच वापरतात. खिडकीला बाहेरून लाकडी झडपा असतात, सकाळी ऊन यायच्या आत त्या ओढून घ्यायच्या, काचही बंद, आणि संध्याकाळी सूर्य कलला की सगळं सताड उघडायचं. हे केलंत तर एसी धड नसला तरी निभावतं, आणि झडपा उघड्या टाकून दिवसभर फिरायला गेलात तर परत येईपर्यंत रूमची भट्टी झालेली असते.

नाश्ता भाड्यात नसेल तर घेऊच नका, कोपऱ्यावरच्या बेकरीत ताजं क्रोसाँ घ्या आणि जुन्या शहरातल्या कूर सालेयाच्या बाजारात जा, सोमवारी मात्र तिथे भाजी-फुलांऐवजी जुन्या वस्तू मांडलेल्या असतात. तिथे सोक्का मिळतो, चण्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पातळ पोळा, वर मिरपूड, तो गरम असतानाच खायचा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्या.

बीचवर वाळू नाही, गोटे आहेत, अनवाणी चालणं मुश्किल, त्यामुळे पाण्यात चालणारे शूज न्या. रूममधले टॉवेल बीचवर न्यायचे नसतात, रिसेप्शनवर विचारा, काही ठिकाणी वेगळे देतात. विचारताना आधी बाँजूर म्हणा मग प्रश्न, नाहीतर ते उद्धटपणाचं समजतात आणि समोरचा माणूस लगेच तुटक होतो.

आणि हो, पर्यटक कर हा दर माणशी दर रात्री लागतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलाय की हॉटेलात वेगळा द्यायचाय ते मेलमध्येच विचारून घ्या. फ्लाइट संध्याकाळची असेल तर चेकआउट करून बॅगा रिसेप्शनला ठेवायला सांगा, बहुतेक हॉटेलं ठेवतात, फक्त पोहायचे कपडे आणि टॉवेल आधीच वरच्या छोट्या बॅगेत काढून ठेवा.