अकरावीत केमिस्ट्रीची गणितं अडतायत? आधी मोल काढा

अकरावी-बारावीच्या ट्यूशन घेतो, त्यामुळे दरवर्षी हेच ऐकतो की सर थिअरी येते पण न्यूमेरिकल आलं की गाडी अडते. गाडी अडते कारण पोरं गणित वाचून होण्याआधीच फॉर्म्युला शोधायला लागतात. तो नाद सोडा आणि आधी दिलेल्या पदार्थाचे मोल (डझनासारखंच, पण अणू-रेणू मोजायचं माप) काढून बाजूला लिहा. ग्रॅम दिलेत तर मोलर मासने (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) भागायचं, द्रावण असेल तर मोलॅरिटी (एक लिटर द्रावणातले मोल) गुणिले लिटर, गॅस असेल तर पीव्ही भागिले आरटी (पी प्रेशर, व्ही आकारमान, टी तापमान, आर गॅसचा स्थिरांक), बस्स. मोल हातात आले की निम्मं काम झालं.

पहिली फजिती होते ती एलिमेंटवर. "१६ ग्रॅम ऑक्सिजन वायू, ८.२१ लिटरचं भांडं, तापमान २७ अंश सेल्सिअस, प्रेशर काढा." बघितलं की पोरं १६ ला १६ ने भागून एक मोल लिहून मोकळी होतात. अरे वायू आहे ना, रेणूत दोन अणू, मोलर मास ३२, म्हणजे अर्धा मोल. हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीनचंही तेच, हेलियम-आर्गॉन मात्र एकटे फिरतात. मग ०.५ × ०.०८२१ × ३०० भागिले ८.२१, उत्तर १.५ अ‍ॅटमॉस्फिअर. एक मोल धरलात तर ३ येतं आणि तो ऑप्शन पेपर काढणाऱ्याने हमखास ठेवलेला असतो 😄. ३०० कारण तापमान केल्विनमध्येच घ्यायचं, २७ अधिक २७३. आणि आर ०.०८२१ घेतला तर लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर, ८.३१४ घेतला तर पास्कल आणि घनमीटर, ह्यात सरमिसळ केली की संपलं. सीईटीला कॅल्क्युलेटर नाही त्यामुळे आकडे बहुतेक वेळा असे कटणारेच देतात, ०.०८२१ च्या खाली ८.२१ दिसलं की गुणाकार करत बसू नका, आधी काटा. बोर्डाला लॉग टेबल मिळतं पण ते वापरायचा हात आधीपासून बसवावा लागतो, जानेवारीत उघडून उपयोग नाही.

द्रावणात मोलॅरिटी आणि मोलॅलिटी (एक किलो द्रावकामागे, म्हणजे इथे पाण्यामागे, किती मोल) ह्यांचा घोळ सगळ्यांचाच होतो, आणि व्याख्या घोकून तो काही जात नाही. त्यापेक्षा हे एक गणित स्वतः करून बघा. सल्फ्युरिक अ‍ॅसिड वजनाने ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिली. एक लिटर म्हणजे १८४० ग्रॅम, त्यातलं अ‍ॅसिड १८०३.२ ग्रॅम, भागिले मोलर मास ९८, म्हणजे १८.४ मोलर. आता मोलॅलिटी. १०० ग्रॅम द्रावणात अ‍ॅसिड ९८ ग्रॅम म्हणजे बरोब्बर एक मोल आणि पाणी उरलं फक्त २ ग्रॅम, मग एक किलो पाण्यामागे किती? ५०० मोल! बाटली तीच, अ‍ॅसिड तेच, एकीकडे १८.४ आणि दुसरीकडे ५००, कारण भागताना एकदा अख्ख्या द्रावणाचं आकारमान घेतलं आणि एकदा नुसत्या पाण्याचं वजन. पातळ जलीय द्रावणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात म्हणून फरक कळत नाही, इथे डोळ्यात भरतो.

ह्याच अ‍ॅसिडपासून १ मोलरचं एक लिटर बनवायचं तर १००० भागिले १८.४, साधारण ५४ मिली लागेल. प्रॅक्टिकलला मात्र अ‍ॅसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, उकळून अंगावर उडतं.