टोकनवरचा आकडा कसा फोडायचा

आकडा म्हटलं की आमच्या गावात लोकांना भलतंच आठवतं. तो आकडा नव्हे. जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन लागते, गेटवर टोकन मिळतं, त्यावरचा हा नंबर. घाटंजीकडचा कास्तकार मी. मागल्या मोसमात रात्री अकराला मोबाइल संपला आणि हातात टोकन उरलं: २४३२४३.

पहिले शेवटचा अंक पाहा. ३ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. वर्गसंख्येच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत, म्हणून हा कोणाचा वर्गही नाही. अंकांची बेरीज १८, तेव्हा ९ नं भाग जातो.

आता माझी आवडती युक्ती. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गठ्ठे करा. पहिल्यातून दुसरा वजा, तिसरा असला तर मिळवा, चौथा पुन्हा वजा. उत्तराला ७, ११, १३ पैकी ज्यानं भाग जाईल त्यानं अख्ख्या आकड्याला जातो, कारण ७×११×१३ म्हणजे १००१. माझ्या टोकनात २४३ वजा २४३, शून्य! तिघांनीही भाग जातो. उरले २४३, म्हणजे पाच वेळा ३. फोड झाली: ३×३×३×३×३×७×११×१३.

"मामा, यानं भाव वाढन काय?" भाच्यानं विचारलं.

"नाही रे बाप्पा, पण रात सरते."

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा आला त्यात एक मिळवा आणि गुणा: ६×२×२×२, म्हणजे ४८. त्यांची बेरीज करायला ४८ मांडत बसू नका. ३ साठी १+३+९+२७+८१+२४३ = ३६४. ७, ११, १३ साठी ८, १२, १४. गुणाकार ४,८९,२१६. त्यातून मूळ आकडा काढला की २,४५,९७३ राहतात, म्हणजे आकड्याहून जास्त. ही विपुल संख्या. कमी भरली तर न्यून, बरोबर २८ सारखी जुळली तर परिपूर्ण. सम आकडे विपुल निघतात त्याचं नवल नाही, १२ पासूनच सुरू होतात. विषमात मात्र पहिला मान ९४५ चा. म्हणून मी टॉर्चच्या उजेडात बेरीज तीनदा तपासली.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद म्हणत. इथं बेरीज १८, सम. विषमाला समानं भाग कसा जाणार? हुकला. नुसता २४३ मात्र हर्षद आहे, ९ नं भागला की २७.

चार ट्रॅक्टर मागं शेजाऱ्याचा नंबर २४३२४७. गठ्ठ्यांची वजाबाकी ४, अंकांची बेरीज २२, सगळंच कोरडं. मूळ संख्या आहे का हे ठरवायला १७ पासून ४९३ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावावी लागते, त्यापुढची नाही, कारण ४९४ चा वर्ग या आकड्याच्या पलीकडे जातो. ३७ पर्यंत कशानंच भाग गेला नाही. तेवढ्यात पुढचा ट्रॅक्टर हलला.