न्यू जर्सीच्या लहान स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी: नोव्हेंबर ते जानेवारी

न्यू जर्सी राज्य आकाराने लहान, पण स्कूल डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) साधारण 600. एडिसनसारखे मोठे डिस्ट्रिक्ट सोडले तर पुष्कळ गावांत दोन-तीन शाळांचाच संसार असतो. केजी ते आठवीपर्यंत मुलं गावातच शिकतात आणि नववीपासून शेजारच्या गावाच्या किंवा अनेक गावांनी मिळून चालवलेल्या रीजनल हायस्कूलला जातात. अशा गावात नवीन आलेल्या कुटुंबाची पहिली धांदल उडते ती ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. अर्धे दिवस, सुट्ट्या, कॉन्सर्ट, देणग्या, रिपोर्ट कार्ड, ऑनर रोल (चांगल्या ग्रेड मिळवणाऱ्यांची यादी), स्पेलिंग बी (स्पेलिंगची स्पर्धा), सगळं याच अडीच महिन्यांत येतं. आपल्याकडे वर्गशिक्षिका डायरीत लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी सही विचारतात, तसं इथे होत नाही. सूचना ईमेलने येते, त्यात शेवटची तारीख असते, आणि ती गेली की सहसा कुणी आठवण करत नाही.

म्हणून आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवरून बोर्डाने (डिस्ट्रिक्टच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने) मंजूर केलेलं वर्षाचं कॅलेंडर उतरवून छापा आणि फ्रिजवर लावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेचं अटलांटिक सिटीत अधिवेशन असतं, त्या गुरुवार-शुक्रवारी राज्यभर शाळा बंद असतात. नवीन पालकांना ही सुट्टी माहीतच नसते. त्यानंतर पालक-शिक्षक भेटींचे अर्धे दिवस, मग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग (आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्धी शाळा), आणि ख्रिसमसच्या एक-दोन दिवस आधीपासून नवीन वर्षापर्यंत विंटर रिसेस.

अर्ध्या दिवसाचा हिशेब नीट समजून घ्या. वर्षाचे 180 दिवस भरावे लागतात आणि शिकवण्याचे किमान 4 तास झाले तरच दिवस त्यात धरला जातो. म्हणून अर्ली डिसमिसलला मुलं साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात. बऱ्याच शाळांत त्या दिवशी जेवण मिळत नाही, बस लवकर येते, आणि खरी अडचण म्हणजे आफ्टरकेअर (शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याची सोय) काही ठिकाणी त्या दिवशी बंद असतं किंवा वेगळं नाव नोंदवावं लागतं. दोघेही नोकरी करत असाल तर हे ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवा. लहान मुलांना बसथांब्यावर घ्यायला मोठं माणूस दिसलं नाही तर ड्रायव्हर मुलाला शाळेत परत नेतो.

बर्फाच्या दिवसांची सूचना पहाटे पाच-साडेपाचला फोन आणि मेसेजने येते, ती शाळेच्या ऑनलाइन पोर्टलमधल्या नंबरवर. जेनेसिस, पॉवरस्कूल किंवा रियलटाइम, तुमच्या डिस्ट्रिक्टचं जे पोर्टल असेल त्यात आई-वडील दोघांचे नंबर घाला. नवीन आलेल्यांचा जुना भारतीय नंबर तिथे तसाच राहिलेला असतो. ‘डिलेड ओपनिंग’ म्हणजे सुट्टी नव्हे, शाळा दीड-दोन तास उशिरा सुरू होणार, आणि बसही तेवढीच उशिरा येणार.

प्रीस्कूलमध्ये मूल असेल तर आणखी एक तारीख महत्त्वाची. या राज्यात 6 महिने ते 59 महिने वयाच्या, चाइल्डकेअर किंवा प्रीस्कूलला जाणाऱ्या मुलांना दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत फ्लूची लस घ्यावीच लागते. दाखला नर्सकडे पोचला नाही तर जानेवारीत मुलाला घरी बसवतात.

दिवाळी आणि भारतवारी

अनेक डिस्ट्रिक्ट आता दिवाळीला बंद असतात, पण सगळे नाहीत. शाळा चालू असली तरी मुलाला घरी ठेवायला घाबरू नका. राज्याचं शिक्षण मंडळ दरवर्षी धार्मिक सणांची यादी काढतं आणि त्यात दिवाळी आहे. यादीतल्या सणाला पालकांच्या सहीची चिठ्ठी दिली की गैरहजेरी ‘एक्स्क्यूज्ड’, म्हणजे माफ, धरली जाते. त्या दिवशीची परीक्षा शाळेला नंतर घ्यावी लागते, आणि त्या गैरहजेरीमुळे मुलाला कुठल्याही बक्षिसापासून किंवा स्पर्धेपासून वंचित ठेवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. चिठ्ठी शक्यतो आदल्या आठवड्यात द्या. त्यात सणाचं नाव यादीत आहे तसंच लिहा. ‘घरगुती कार्यक्रम’ असं लिहिलंत तर हे संरक्षण मिळत नाही.

भारतवारीला मात्र अशी सूट नाही. डिसेंबरची तिकिटं महाग म्हणून लोक सुट्टीच्या मागेपुढे एक-एक आठवडा जोडतात. ते शाळेचे 10 दिवस झाले, आणि प्रवासाची रजा शाळेच्या लेखी बहुधा ‘अनएक्स्क्यूज्ड’. राज्याच्या नियमात वर्षभरात अशा 10 गैरहजेऱ्या भरल्या की मूल ‘ट्रूअंट’, म्हणजे शाळा बुडवणारं, ठरतं, मग शाळेची इच्छा असो वा नसो, तिला पुढची कारवाई करावी लागते. शिवाय नोंदवलेल्या दिवसांच्या 10 टक्के, म्हणजे पूर्ण वर्षात 18 दिवस मूल आलं नाही तर ते ‘क्रॉनिकली ॲब्सेंट’ (सतत गैरहजर) मुलांमध्ये मोजलं जातं. त्यात डॉक्टरची चिठ्ठी असलेलं आजारपणही येतं. लांबच्या प्रवासात काही डिस्ट्रिक्ट मुलाचं नाव पटावरून काढतात आणि परत आल्यावर घरभाड्याच्या करारापासून सगळी कागदपत्रं पुन्हा मागतात. तिकीट काढायच्या आधी प्रिन्सिपॉलना लेखी कळवून उत्तर घ्या, आणि जमेल तर पाच शाळादिवसांच्या आतच निभवा.

वर्गातली पार्टी आणि डबा

चकली, चिवडा, बेसनाचे लाडू वर्गात पाठवावेत असं मनापासून वाटतं, पण बहुतेक शाळांत घरी केलेला पदार्थ चालत नाही. दुकानातला, सीलबंद, घटकांचं लेबल असलेलाच लागतो, आणि पुष्कळ शाळांत तोही बंद आहे. याचं कारण ॲलर्जी. अमेरिकेत 9 प्रमुख ॲलर्जन मानतात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदाम-अक्रोड, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तिळाची भर 1 जानेवारी 2023 पासून पडली. आता आपला फराळ पाहा: चकलीत तीळ, चिवड्यात शेंगदाणे, लाडवात काजू. जानेवारीतला तिळगूळ तर विचारल्याशिवाय अजिबात पाठवू नका, स्कूल बसमध्ये मैत्रिणीला वाटायलासुद्धा नाही. तिळाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला एका घासाने श्वास लागू शकतो.

त्याऐवजी वर्गशिक्षिकेला विचारून 20 मिनिटांचा कागदी आकाशकंदील करून घ्या. 9 बाय 12 इंचाचा जाड रंगीत कागद लांबीत दुमडायचा. दुमडलेल्या कडेकडून एकेक इंचावर काप द्यायचे, पण समोरची कड एक इंच शिल्लक ठेवायची. कागद उघडून दोन्ही आखूड बाजू जोडून स्टेपल करायच्या, म्हणजे मधे फुगलेला कंदील तयार होतो. वर कागदाच्या पट्टीची कडी. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी काप घरूनच देऊन न्या, नाहीतर निम्मी मुलं शेवटची कडही कापून टाकतात आणि हातात पट्ट्या उरतात. वर्गात ज्योत लावता येत नाही, म्हणून बॅटरीवरचे छोटे दिवे घ्या. जाताना फोटो असलेलं ओळखपत्र हवं.

पार्टीसाठी लागणाऱ्या मदतीची यादी क्लास पेरेंट (वर्गाची पालक-प्रतिनिधी) पाठवते आणि ती तासा-दोन तासांत भरते. एच-4 व्हिसावर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या आई-वडिलांनाही शाळेत अशी विनावेतन मदत करता येते, कचरू नका. ओळखी इथूनच होतात. सब्स्टिट्यूट (बदली) शिक्षकाचं काम मात्र पगारी असल्याने त्याला वर्क परमिट लागतं.

डिसेंबरात फूड ड्राइव्ह (गरजूंसाठी खाद्यपदार्थ गोळा करणं) आणि गिव्हिंग ट्री (गरजू मुलांसाठी हव्या असलेल्या भेटींचे कागद लावलेलं झाड) असतातच. डबे पोचा न गेलेले आणि तारीख न उलटलेले द्या, काच शक्यतो टाळा. गिव्हिंग ट्रीवरच्या कागदावर मुलाचं वय आणि कपड्याचा साइज असतो. वस्तू नवीन हवी, कागदात न गुंडाळता, त्यावर तोच कागद अडकवून आणि गिफ्ट रिसीट ठेवून द्यायची. कागद घेऊन वस्तू परत दिली नाही तर कुणा एका मुलाला काहीच मिळत नाही, त्यामुळे जमणार असेल तरच उचला. शिक्षकांना रोख पैसे किंवा महागडी भेट नको. वर्गाच्या एकत्र भेटीत आपला वाटा घालावा आणि मुलाच्या हाताने लिहिलेलं पत्र द्यावं.

कॉन्सर्ट

चौथी-पाचवीपासून मुलं बँड, ऑर्केस्ट्रा किंवा कोरसमध्ये असतात आणि डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विंटर कॉन्सर्ट होतो. आपल्याला ते स्नेहसंमेलन वाटतं, पण शाळेच्या दृष्टीने ती परीक्षा असते. हजेरीला संगीताच्या ग्रेडमध्ये गुण असतात आणि ‘मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती’ हे कारण चालत नाही. तारीख सप्टेंबरमध्येच जाहीर होते.

पोशाख साधारणपणे पांढरा बटणांचा शर्ट, काळी पूर्ण लांबीची पँट किंवा स्कर्ट, काळे बूट. जीन्स आणि लेगिंग्ज नाहीत. हमखास विसरतात ते काळे मोजे, आणि मंचावर बसलेल्या मुलाचे पांढरे मोजे शेवटच्या रांगेतूनही दिसतात. कार्यक्रम सातचा असला तरी मुलांनी सव्वासहा-साडेसहालाच पोचायचं असतं, वाद्य जुळवायला तेवढा वेळ लागतो. क्लॅरिनेटवाल्यांनी दोन जादा रीड (तोंडाकडच्या भागावरची पातळ पट्टी) बरोबर ठेवाव्यात, त्या सहज तडकतात. आपल्या मुलाचं झाल्यावर उठून जाऊ नका. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि शेवटी वाजवणाऱ्या आठवीच्या मुलांसमोर रिकाम्या खुर्च्या दिसणं फार वाईट वाटतं.

मुलांचं यश

पहिला मार्किंग पीरियड (ग्रेड देण्याचा कालखंड, वर्षाचा एक भाग) नोव्हेंबरच्या मध्याला संपतो आणि आठवड्याभरात रिपोर्ट कार्ड पोर्टलवर येतं. पाठोपाठ ऑनर रोल. नियम प्रत्येक डिस्ट्रिक्टचा वेगळा, पण नेहमीची पद्धत म्हणजे सगळे ए असले तर हाय ऑनर रोल, ए आणि बी असले तर ऑनर रोल. इथे सरासरी कामाला येत नाही, एक सी आला की नाव गळतं. आणि बऱ्याच ठिकाणी पीई (शारीरिक शिक्षण), चित्रकला, संगीतही धरतात. आपली मुलं गणितात 98 मिळवून पीईमुळे मागे राहतात. खेळाचे बूट न आणणं, कपडे न बदलणं याचे गुण रोज कापले जातात. दुसरी गळती न दिलेल्या गृहपाठाची. पोर्टलवर ‘मिसिंग’ दिसलं की ते शून्य असतं. दर रविवारी पाच मिनिटं मुलासोबत पोर्टल पाहा. पीरियड संपल्यावर शिक्षकांना विनवण्या करणं योग्य नाही आणि त्याचा उपयोगही नसतो.

स्पर्धांच्या बाबतीत लहान डिस्ट्रिक्टचा तोटा असा की शाळेनेच नाव नोंदवलं नसेल तर काही स्पर्धांत मूल पात्रच ठरत नाही. स्क्रिप्स स्पेलिंग बी आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि शाळेची फेरी बहुधा हिवाळ्यात होते, पण शाळेची नोंदणी शरद ऋतूतच व्हावी लागते. सहावी ते आठवीसाठी मॅथकाउंट्स ही गणिताची स्पर्धाही असते. एएमसी 8 ही गणिताची स्पर्धा-परीक्षा जानेवारीत असते, 25 प्रश्न, 40 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शाळा घेत नसेल तर जवळच्या दुसऱ्या केंद्रावर बसता येतं. सप्टेंबरमध्ये गणिताच्या शिक्षकांना विचारा, आणि ‘कुणी चालवणारं नाही’ असं उत्तर आलं तर स्वतः मदत देऊ करा. लहान गावात दोन पालक उभे राहिले की क्लब सुरू होतो, आणि चाळीस मुलांच्या इयत्तेत प्रत्येकाला मंचावर जागा मिळते. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ही संधी मिळत नाही.

हायस्कूलमध्ये नॅशनल ऑनर सोसायटी (गुणी विद्यार्थ्यांची देशव्यापी संस्था) हिच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर किमान 3.0 जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) लागतो, पण शाळा तो वाढवू शकते. गुणांबरोबर सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हेही पाहतात. डिसेंबरातल्या फूड ड्राइव्हचे तास त्यात धरता येतात, मात्र त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीची सही घेतलेली हवी.

यश मिळालेल्या मुलांचा सत्कार बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मासिक सभेत सुरुवातीलाच होतो. नाव पुकारलं की मुलाने पुढे जाऊन प्रमाणपत्र घ्यायचं, सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी) आणि बोर्डाच्या सदस्यांशी हात मिळवायचा, एक फोटो, आणि मग कुटुंबांना निघायची मुभा असते. पण एकदा तरी थांबा. सभा सर्वांना खुली असते, त्यातच पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मंजूर होतं. दिवाळीची सुट्टी हवी असेल तर सभेत लोकांना बोलायला ठेवलेल्या वेळेत ती मागायची जागा हीच.

या सत्काराआधी दोन गोष्टी तपासा. प्रमाणपत्रावर पोर्टलमधलं नाव जसंच्या तसं छापलं जातं. पासपोर्टमुळे वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असेल, किंवा आडनावाच्या जागी भलतंच पडलं असेल, तर ऑफिसमध्ये दाखला देऊन दुरुस्त करा. आणि नाव वाचणाऱ्याला उच्चार आधी लिहून द्या. ज्ञानदासारखं नाव आपण डी-एन-वाय असं लिहितो, ते पाहून इथला माणूस अडखळणारच.

दुसरी गोष्ट फोटोच्या परवानगीची. सप्टेंबरच्या फॉर्ममध्ये ‘नाही’वर खूण केली असेल तर वार्तापत्रात तुमच्या मुलाचं नाव किंवा फोटो येणार नाही, आणि पालक समजतात की शाळेने डावललं. निर्णय बदलायचा असेल तर ऑफिसला ईमेल करा. शाळेबाहेरचं यश, मग ते बुद्धिबळ असो, भरतनाट्यम असो की मराठी शाळेची परीक्षा, शाळेला आपोआप कळत नाही. कार्यक्रमाचं नाव, तारीख, मुलाची इयत्ता आणि एक स्पष्ट फोटो, एवढं तीन ओळींत प्रिन्सिपॉलच्या सेक्रेटरीला पाठवा. डिसेंबरचा अंक सुट्टीआधी निघतो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच पाठवलेलं बरं.