शेवाळ नुसतं घासू नका, आधी मारा

अंगणातल्या फरशीवरचं हिरवं शेवाळ घासून काढलं की झालं असं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत परत तेच बुळबुळीत, कारण वरचा थर निघतो पण सिमेंटच्या बारीक छिद्रांत आणि लाद्यांच्या सांध्यांत बसलेलं जिवंतच राहतं, जरा ओल मिळाली की पुन्हा पसरतं.

सुरुवातीलाच पाणी मारू नका. कोरडं असताना जाड थर जुन्या कलथ्याने खरवडून झाडून घ्या, नाहीतर नुसता हिरवा चिखल होतो. मग साधं लिक्विड ब्लीच, 1 भाग ब्लीचला 10 भाग पाणी, प्लास्टिकच्याच बादलीत कालवा. ब्लीच ताजं हवं, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बाटलीत दम उरत नाही. कडक उन्हात करू नका, लगेच वाळतं आणि काम अर्धवट राहतं. ओतून 10-15 मिनिटं ओलं राहू द्या, हिरवा रंग फिका पडायला लागला की नायलॉनच्या कडक ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नकोच, फरशीवर ओरखडे पडतात आणि तुटलेल्या तारा गंजून तांबडे डाग राहतात. बाजूला झाडं असतील तर त्यांच्यावर आधी आणि नंतर साधं पाणी मारा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ब्लीचमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर काहीही मिसळायचं नाही, क्लोरीनचा विषारी वायू होतो. हातमोजे, चष्मा घाला, पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा.

मार्बल किंवा चुनखडीच्या दगडावर नुसतं व्हिनेगरसुद्धा नको, दगड खातं ते. लाकडावर या लिक्विड ब्लीचपेक्षा ऑक्सिजन ब्लीचची (म्हणजे क्लोरीन नसलेल्या, सोडियम परकार्बोनेटच्या ब्लीचची) पावडर कोमट पाण्यात कालवून वापरा. रंगवलेल्या भिंतीवर आधी एका कोपऱ्यात लावून बघा. प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाण्याचा फवारा मारणारं मशीन, मजेशीर वाटतो खरा, पण जवळून मारला तर पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू उडते, लाकूड खरबरीत होतं आणि खरबरीत जागी शेवाळ अजून घट्ट धरतं.

एवढं करूनही ठराविक जागी परत परत येत असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. गळका नळ, तुंबलेली पन्हाळ, उलटा उतार, नाहीतर थेट फरशीवर ठेवलेल्या कुंड्या. कुंड्या स्टँडवर चढवा, वरची फांदी छाटून ऊन येऊ द्या, मग ब्लीचची बाटली फारशी काढावी लागत नाही.