गाडी निवडताना आधी प्रश्न ठरवला

'कोणती गाडी चांगली?' या प्रश्नाला पुण्यात भेटेल तो माणूस वेगळे उत्तर देतो, म्हणून मी प्रश्नच बदलला: सदाशिव पेठेतील आमच्या इमारतीच्या अरुंद पार्किंगमध्ये मावेल, गुडघेदुखी असलेल्या आईला विनासायास चढता-उतरता येईल आणि साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात दमणार नाही, अशी गाडी कोणती?

प्रश्न नेमका झाल्यावर पुरावा कुठे शोधायचा हेही उमगले. पार्किंगच्या खांबांमधले अंतर टेपने मोजून माहितीपत्रकातील रुंदीशी ताडले. मात्र ती रुंदी बहुधा बाजूचे आरसे वगळून दिलेली असते, आणि दार उघडायला लागणारी जागा वेगळीच. सुरक्षिततेबाबत विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता 'भारत एनकॅप' या गाड्यांच्या धडक-चाचणीचे निकाल पाहिले. २०२३ पासून होणाऱ्या या चाचणीत समोरच्या धडकेचा वेग ताशी ६४ किलोमीटर असतो, आणि सुरक्षिततेचे तारे त्या-त्या मॉडेलला मिळतात, कंपनीला नव्हे. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतील असल्याने तो आपसांतील तुलनेपुरताच वापरला.

टेस्ट ड्राइव्हला आईला मागे बसवले, एसी चालू ठेवला आणि विक्रेत्याचा नेहमीचा सपाट रस्ता सोडून चांदणी चौकाचा चढ मागितला. (त्याने नाक मुरडले, पण नेले.) माझे मन जिच्यावर बसले होते, त्या गाडीच्या उंच उंबऱ्याशी आई अडखळली आणि ती गाडी यादीतून गेली. उरलेल्यांपैकी खांबांमध्ये आरशांसकट बसणारी एकच होती. ऑन-रोड किमतीतील विमा शोरूमकडूनच घेणे बंधनकारक नसते. तो बाहेरून घेतल्यावर ती अंदाजपत्रकातही बसली.